बचावपटूची पारख

१० डिसेंबर २००६ रोजी ह्यूस्टनच्या रिलायंट स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलचा एक सामना जादा वेळेत गेला. यजमान ह्यूस्टन टेक्सन्स आणि पाहुणे टेनेसी टायटन्स, दोघांचे गुण २०-२०. टायटन्सचा व्हिन्स यंग त्या वर्षीच व्यावसायिक खेळात आलेला होता. त्याने चेंडू हातात घेतला, फेकायचा विचार सोडला आणि ३९ यार्ड पळत जाऊन गोलरेषा ओलांडली. सामना तिथेच संपला. यंग हा ह्यूस्टनचाच मुलगा. शाळेत असल्यापासून त्याचे कौतुक करत आलेल्या गावासमोर त्याने गावच्याच संघाला हरवले होते.

या पराभवाला आणखी एक सल होता. आठ महिन्यांपूर्वी याच यंगला आपल्या संघात घेण्याची संधी टेक्सन्सना मिळाली होती. देशभरातल्या महाविद्यालयीन खेळाडूंमधून सर्वांत आधी हवा तो खेळाडू उचलण्याचा हक्क त्या वर्षी त्यांचा होता. त्यांनी यंगला घेतले नाही आणि रेजी बुश या त्याहूनही गाजलेल्या आक्रमकालाही घेतले नाही. त्यांनी मारिओ विल्यम्स नावाचा एक बचावपटू घेतला. त्याचे नाव जाहीर झाल्यावर गावाने हुर्यो उडवली, आणि डिसेंबरातल्या त्या दुपारी आपली हुर्यो योग्यच होती असे गावाला वाटले.

मी हा खेळ उतारवयात पाहायला शिकलो. मुलगी ह्यूस्टनला असते, तिच्याकडे राहायला गेलो की जावयाबरोबर बसून सामने पाहतो. खेळापेक्षाही मला त्यातल्या या निवडीच्या पद्धतीने धरून ठेवले, कारण माझ्या नोकरीतला बराच काळ माणसे निवडण्याच्या समित्यांवर गेला होता. एखादा माणूस पुढे कसा निघेल हे आधी ओळखता येते का, आणि आपण ओळखले की नाही हे मागाहून तरी कळते का, हे दोन प्रश्न मला जुने होते. टेक्सन्सच्या गेल्या वीसेक वर्षांच्या निवडी तपासताना त्यांची काही उत्तरे हाती लागली, ती इथे मांडतो.

आधी पद्धत समजून घेऊ. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये आज ३२ संघ आहेत. दरवर्षी वसंतात महाविद्यालयीन खेळाडूंची वाटणी होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. आपल्याकडे आयपीएलमध्ये लिलाव होतो, ज्याच्याकडे पैसे त्याने बोली लावायची. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. मागच्या मोसमात जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याची पाळी पहिली आणि विजेत्याची शेवटची. अशा सात फेऱ्या होतात. ज्या संघाने नाव घेतले, त्याच संघाशी खेळाडूने करार करायचा. दुबळ्याला आधी वाढावे, म्हणजे पंगतीत कोणी कायमचा उपाशी राहणार नाही, ही मूळ कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सच्या बर्ट बेल यांची. पहिला ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात झाला. त्यात सर्वांत आधी निवडलेला जे बर्वँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. या पद्धतीतली पहिलीच निवड अशी वाया गेली होती.

पाळी ही वस्तू असल्यामुळे तिची देवघेवही होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात एक कोष्टक तयार झाले. त्यात पहिल्या पाळीला ३००० गुण, दुसरीला २६००, तिसरीला २२००, बाराव्या पाळीला १२००, तेहतिसाव्या पाळीला ५८०. वर सरकायचे असेल तर खालच्या पाळ्या एकत्र करून तेवढे वजन भरायचे. म्हणजे पहिली पाळी वापरणे हा मोठा खर्च असतो आणि तो कोणावर करायचा हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो.

आता बचावपटूकडे येऊ. या खेळात आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते. चेंडू कोणाला द्यायचा की लांब फेकायचा हे क्वार्टरबॅक ठरवतो, त्यामुळे सगळा डाव त्याच्या हातात असतो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. समोरच्या फळीतले बचावपटू ती भिंत फोडून किंवा तिच्या कडेने वळसा घालून त्याच्यापर्यंत पोहोचू पाहतात. त्याने चेंडू फेकण्याआधीच त्याला मागे आडवे पाडले तर त्याला सॅक म्हणतात. फळीमागे लाइनबॅकर असतात, त्यांच्यामागे चेंडू झेलायला पळणाऱ्यांच्या पाठीवर राहणारे कॉर्नरबॅक आणि सर्वांत मागे सेफ्टी. पहिल्या फेरीत बचावपटूचा विचार होतो तेव्हा नजर बहुधा फळीच्या टोकाला खेळणाऱ्यावर, म्हणजे डिफेन्सिव्ह एंडवर असते. समोरच्या संघाचे डोके ज्या माणसात आहे त्याच्यापर्यंत पोहोचणारा सर्वांत जवळचा रस्ता त्याचा.

सॅकची किंमत टेक्सन्सइतकी कोणाला ठाऊक असणार? २००२ साली हा संघ पहिल्यांदा मैदानात उतरला, तेव्हा त्यांनी आपली पहिली पाळी डेव्हिड कार या क्वार्टरबॅकवर खर्च केली. त्या मोसमात कारला प्रतिस्पर्ध्यांनी ७६ वेळा पाडले. एका मोसमातला तो विक्रम अजून मोडलेला नाही. २००५ मध्ये त्याला पुन्हा ६८ वेळा पाडले गेले, संघ १६ पैकी १४ सामने हरला आणि म्हणूनच २००६ची पहिली पाळी त्यांच्याकडे आली. टेक्सन्सच्या गटातच इंडियानापोलिस कोल्ट्स हा संघ होता आणि त्याचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग होता. त्याच्याशी वर्षातून दोनदा गाठ पडायची. अशा संघाने समोरच्या क्वार्टरबॅकला पाडू शकणारा माणूस शोधावा, यात वेडेपणा नव्हता.

तरीही लोकांना तो वेडेपणा वाटला, आणि त्यालाही कारण होते. बुशला २००५ची हाइझमन ट्रॉफी मिळाली होती. जानेवारी २००६ मध्ये रोझ बोलच्या सामन्यात यंगने शेवटच्या मिनिटाला स्वतः पळत जाऊन टेक्सास विद्यापीठाला ४१-३८ असा विजय मिळवून दिला होता. साऱ्या देशाने ते पाहिले होते. विल्यम्सचे असे एकही दृश्य कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाकडून शेवटच्या मोसमात त्याने १४.५ सॅक केले होते (दोघांनी मिळून पाडले की अर्धा अर्धा वाटून घेतात), पण तो आकडा सांगावा लागत होता.

विल्यम्सचे शरीर मात्र सांगावे लागत नव्हते. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इंडियानापोलिसला उमेदवारांची एकत्र तपासणी होते. उंची, वजन, हातांची लांबी मोजतात. ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, पळायला लावतात. २२५ पौंड, म्हणजे १०२ किलो वजनाची बार उताणे झोपून किती वेळा उचलता येते ते मोजतात. जागेवरून उंच उडी आणि लांब उडी. सरकारी भरतीचे मैदान ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. विल्यम्स जवळजवळ सहा फूट सात इंच उंच आणि २९५ पौंडांचा. एवढा देह घेऊन तो ४० यार्ड सुमारे ४.७ सेकंदांत पळाला, ती बार त्याने ३५ वेळा उचलली आणि जागेवरून ४० इंचांहून अधिक उंच उडी मारली. एकाच माणसात हे सगळे सहसा सापडत नाही. टेक्सन्सनी ड्राफ्टच्या आदल्या दिवशीच त्याच्याशी सहा वर्षांचा, ५.४ कोटी डॉलरचा करार करून टाकला.

त्याच वर्षी, त्याच तपासणीला केंटकीतल्या लुइव्हिल विद्यापीठाचा एल्व्हिस ड्युमरव्हिल नावाचा डिफेन्सिव्ह एंड होता. आदल्या मोसमात २० सॅक करून तो महाविद्यालयीन खेळात देशात पहिला आला होता. त्याची उंची होती पाच फूट अकरा इंच. त्या जागेसाठी ती फार कमी मानली जाते, कारण समोरचा गडी साडेसहा फुटांचा असतो आणि त्याचे हात आधी पोहोचतात. ड्युमरव्हिलचे नाव चौथ्या फेरीत, १२६व्या क्रमांकावर, डेन्व्हर ब्रॉन्कोजने घेतले.

दोघांच्या कारकिर्दी आता पूर्ण झाल्या आहेत. विल्यम्सचे एकूण सॅक ९७.५ आणि ड्युमरव्हिलचे १०५.५. २००९ साली १७ सॅक करून ड्युमरव्हिल लीगमध्ये पहिला आला. १२५ वेळा कोणी ना कोणी त्याच्याऐवजी दुसऱ्याचे नाव घेतले होते.

यावरून उंची निरर्थक आहे असे म्हणणे घाईचे होईल. मला यात दोन गोष्टी दिसतात. पहिली कुस्तीच्या आखाड्यात कोणीही सांगेल. ठेंगणा गडी खाली शिरतो, आणि खाली शिरलेल्याला दाबणे उंच माणसाला अवघड जाते. ज्याला आपण उणीव म्हणून नोंदतो, ती वापरणाऱ्याच्या हातात डाव होते. दुसरी गोष्ट चाळणीची आहे. उंच मुलाला शाळेपासूनच या जागेवर उभे करतात आणि तो जेमतेम असला तरी पुढे जातो. ठेंगण्याला प्रत्येक पायरीवर कोणीतरी नको म्हणतो. तरीही जो शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचला, त्याच्यात त्या नकारांना पुरून उरेल असे काहीतरी असलेच पाहिजे. शेवटच्या पायरीवर पुन्हा उंचीच मोजली, तर जी परीक्षा तो आधीच देऊन आला आहे तीच आपण त्याला दुसऱ्यांदा द्यायला लावतो.

मग मोजायचे तरी काय? इथे बचावपटूची खरी अडचण सुरू होते. आक्रमकाचे काम डोळ्यांना दिसते. तो पळाला, त्याने झेलले, त्याने गोलरेषा ओलांडली. बचावपटूचे उत्तम काम म्हणजे पुष्कळदा काहीच न घडणे. उत्तम कॉर्नरबॅकच्या दिशेने प्रतिस्पर्धी चेंडूच फेकत नाही, मग त्याच्या नावावर नोंद कसली होणार? डिफेन्सिव्ह एंडच्या भीतीने क्वार्टरबॅक अर्धा सेकंद आधी चेंडू फेकून देतो, नेम चुकतो, आणि कागदावर फक्त क्वार्टरबॅकची चूक उरते. त्याला अडवायला दोन गडी लागले तर शेजारचा मोकळा सुटतो आणि सॅक शेजाऱ्याच्या नावावर जातो. सॅक मोजायलाही लीगने अधिकृतपणे सुरुवात केली ती १९८२ साली. त्याआधीच्या बचावपटूंचे हे कामही अधिकृत हिशेबात नाही. आता खेळाडूंच्या खांद्यांच्या पॅडमध्ये चिप असते, कोण किती वेगाने कोणाजवळ पोहोचला हे कळते. तरीही जे घडले नाही ते कोणामुळे घडले नाही, हा प्रश्न माणसालाच सोडवावा लागतो.

जडेव्हियन क्लाउनीच्या निमित्ताने हा प्रश्न टेक्सन्ससमोर अगदी उघडा उभा राहिला. २०१३च्या मोसमात टेक्सन्स पुन्हा १४ सामने हरले आणि २०१४ची पहिली पाळी त्यांच्याकडे आली. साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या क्लाउनीला तोवर सगळा देश ओळखत होता. १ जानेवारी २०१३च्या आउटबॅक बोलमध्ये मिशिगनच्या धावणाऱ्या खेळाडूला त्याने अशी धडक दिली होती की त्याचे शिरस्त्राण उडाले, चेंडू सुटला आणि तो क्लाउनीनेच एका हाताने उचलला. बचावपटूच्या वाट्याला असे दृश्य क्वचितच येते. २६६ पौंडांचा हा मुलगा ४० यार्ड ४.५३ सेकंदांत पळाला. पण एक आकडा टोचत होता. २०१२ मध्ये त्याचे १३ सॅक होते आणि ड्राफ्टआधीच्या शेवटच्या मोसमात फक्त तीन.

तीन सॅकचे दोन अर्थ लागत होते. एक, धसका घेतलेले प्रतिस्पर्धी त्याच्या बाजूने खेळतच नव्हते, दोनदोन गडी त्याच्यावर ठेवत होते, म्हणजे हे तीन सॅकच त्याच्या दहशतीचा पुरावा होते. दुसरा, पुढच्या वर्षी कोट्यवधी डॉलर मिळणार हे ठाऊक असल्याने तो अंग राखून खेळत होता. दोन्ही अर्थ त्याच चित्रफिती पाहून लावले जात होते. न घडलेल्या गोष्टीचे हे असेच असते, ती पाहणाऱ्याच्या मताप्रमाणे दिसते.

८ मे २०१४च्या संध्याकाळी मी ह्यूस्टनलाच होतो. जावयाने विचारले, “बाबा, तुम्ही असता तर कोणाला घेतलं असतं?” मी क्षणाचाही विचार न करता क्लाउनीचे नाव घेतले. टेक्सन्सनीही त्यालाच घेतले. त्याच ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर खलील मॅक गेला आणि तेराव्यावर एरन डॉनल्ड. डॉनल्डची उंची जेमतेम सहा फूट एक इंच भरली होती, त्याच्या जागेसाठी ती कमी मानली जाई. लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार मॅकला २०१६ मध्ये मिळाला, डॉनल्डला २०१७, २०१८ आणि २०२० मध्ये. क्लाउनीवर पहिल्याच मोसमात गुडघ्याची मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढे तो सावरला, निवडक खेळाडूंच्या प्रो बोल या सामन्यासाठी तीनदा निवडला गेला, पळत येणाऱ्याला अडवण्यात भरवशाचा ठरला. पण २०२४च्या मोसमापर्यंत एकाही मोसमात त्याचे दहा सॅक झाले नाहीत. तो वाईट निघाला असे कोणी म्हणू शकणार नाही. त्याचे नाव निघाले की मॅक आणि डॉनल्ड आठवतात, एवढेच.

इथे माझ्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. निवडलेला कसा निघाला एवढ्यावर निवडीचा निकाल लागत नाही, सोडून दिलेले कसे निघाले हेही धरावे लागते. २००७ साली टेक्सन्सनी दहाव्या क्रमांकावर अमोबी ओकोये हा नायजेरियात जन्मलेला १९ वर्षांचा बचावपटू घेतला. इतक्या लहान वयात एवढी समज, हा त्याचा मोठा गुण मानला गेला. पहिल्या मोसमात ५.५ सॅक झाले, पण चार मोसमांची बेरीज ११ वरच थांबली आणि संघाने त्याला सोडले. त्याच्या पाठोपाठ अकराव्या क्रमांकावर गेलेला लाइनबॅकर पॅट्रिक विलिस आणि चौदाव्यावर गेलेला कॉर्नरबॅक डॅरेल रेव्हिस आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

हे एकाच संघाचे दुर्दैव नव्हते. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (यांनाच २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले) या दोघांनी ड्राफ्टच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी एक साधी तुलना केली. निवडलेला खेळाडू आणि त्याच जागेसाठी त्याच्या पाठोपाठ निवडला गेलेला खेळाडू, यांपैकी अधिक चांगला कोण निघाला? पहिल्याच्या बाजूने निकाल लागण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीशीच बरी निघाली. वरच्या पाळीसाठी संघ मोजतात ती किंमत मात्र जणू फरक स्वच्छ दिसतो आहे अशा खात्रीने मोजलेली असते. आपल्या नजरेवर एवढा विश्वास ठेवू नका, वरची पाळी विका आणि खालच्या दोन-तीन घ्या, असा त्यांच्या निष्कर्षाचा रोख होता. त्यांच्या अभ्यासाच्या काळात पहिल्या पाळीच्या खेळाडूला फार मोठी रक्कम द्यावी लागे. २०११ पासून नवख्यांचे वेतन बांधून दिले गेले आणि चुकीची किंमत बरीच उतरली. चूक होण्याची शक्यता मात्र त्यामुळे कमी झाली नाही.

त्याच २०११ सालची निवड या सगळ्या हिशेबाला पुरून उरते. टेक्सन्सनी अकराव्या क्रमांकावर विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जे. जे. वॉटचे नाव घेतले, तेव्हा ह्यूस्टनमध्ये ड्राफ्ट पाहायला जमलेल्या पाठीराख्यांनी त्याचीही हुर्यो उडवली. वॉट आधी सेंट्रल मिशिगन विद्यापीठात होता आणि तिथे तो आक्रमणात खेळायचा. ती जागा आणि शिष्यवृत्ती सोडून तो विस्कॉन्सिनला आला, शिष्यवृत्ती नसताना संघात जागा मिळवू लागला, मधल्या काळात पिझ्झा पोहोचवण्याचे काम केले. त्याचेही मापन उत्तम होते, पण लोकांना आकडे दिसत नव्हते, चकाकणारे नाव नाही एवढेच दिसत होते. पुढे २०१२, २०१४ आणि २०१५ अशा तीन वर्षी तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. दोन मोसमांत त्याने २०.५ सॅक केले. सॅक जमला नाही तर तो जागेवर उडी मारून फेकलेला चेंडूच हाताने पाडायचा. ७ जानेवारी २०१२ रोजी टेक्सन्स आपल्या इतिहासातला पहिला बाद फेरीचा सामना खेळले, तेव्हा त्याने सिनसिनाटीचा चेंडू फळीतच झेलला आणि २९ यार्ड पळून गुण मिळवले. ज्या गावाने हुर्यो उडवली होती तेच गाव उभे राहून ओरडत होते.

त्या सामन्यात विल्यम्स नव्हता. छातीचा स्नायू फाटल्यामुळे मोसमाच्या सुरुवातीलाच तो बाहेर गेला होता आणि पुन्हा टेक्सन्सकडून खेळलाच नाही. त्याचाही हिशेब पुरा करायला हवा. पहिल्या मोसमात पायाच्या दुखण्याने बेजार होऊन त्याने फक्त ४.५ सॅक केले. डिसेंबरातल्या त्या दुपारी लोकांपुढे हाच आकडा होता. दुसऱ्या मोसमात १४ झाले, तिसऱ्यात १२. चार वेळा तो प्रो बोलसाठी निवडला गेला. यंगला पहिल्या वर्षी सर्वोत्तम नवख्या आक्रमकाचा मान मिळाला, पण २०११ नंतर तो लीगचा सामना खेळला नाही. बुशची कारकीर्द लांबली, त्याला प्रो बोलचा मान मात्र एकदाही मिळाला नाही. पाच वर्षांनी लोक म्हणू लागले की टेक्सन्सचेच बरोबर होते. पण बरोबर होते ते विल्यम्स, बुश आणि यंग या तिघांतच. ड्युमरव्हिल त्या हिशेबात नव्हताच, कारण पहिल्या पाळीसाठी त्याचे नाव कोणी घेतलेच नव्हते. कोणाशी तुलना करायची हे आपणच आधी ठरवतो, आणि निम्मा निकाल तिथेच लागतो.

२००६च्या ड्राफ्टमधली आणखी एक गोष्ट त्या गदारोळात झाकली गेली. दुसऱ्या फेरीच्या आरंभी, ३३व्या क्रमांकावर, टेक्सन्सनी अलाबामा विद्यापीठाचा डेमेको रायन्स हा लाइनबॅकर घेतला होता. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा बचावपटू ठरला तो रायन्स. एकाच संघाने, एकाच ड्राफ्टमध्ये, पहिल्या पाळीवर सगळ्या जगाची टीका ओढवून घेतली आणि ३३व्या पाळीवर कोणाच्या लक्षात न येता त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा बचावपटू मिळवला.

तोच रायन्स २०२३ साली टेक्सन्सचा मुख्य प्रशिक्षक म्हणून परत आला. त्या वर्षी दुसऱ्या पाळीवर संघाने सी. जे. स्ट्राउड हा क्वार्टरबॅक घेतला आणि लगेच ॲरिझोनाशी सौदा करून तिसरी पाळीही विकत घेतली. बदल्यात बारावी पाळी, ३३वी पाळी आणि पुढच्या वर्षीची पहिल्या व तिसऱ्या फेरीची पाळी दिली, सोबत १०५वी पाळी घेतली. तिसरी पाळी २२०० गुणांची, बारावी आणि ३३वी मिळून १७८०. उरलेली भरपाई पुढच्या वर्षावर टाकलेली. मॅसी-थेलर यांचा सल्ला याच्या बरोबर उलट होता. या पाळीवर त्यांनी विल अँडरसन हा अलाबामाचाच डिफेन्सिव्ह एंड घेतला. पहिल्या मोसमात त्याने सात सॅक केले आणि सर्वोत्तम नवख्या बचावपटूचा पुरस्कार मिळवला. आदल्या वर्षी तीनच सामने जिंकलेला संघ गटात पहिला आला, त्यामुळे ॲरिझोनाला दिलेली पुढच्या वर्षीची पाळी २७वी, म्हणजे बरीच स्वस्त ठरली. हा सौदा आज शहाणपणाचा दिसतो. स्वतः ३३व्या क्रमांकावर मिळालेला माणूस प्रशिक्षक असताना संघाने ३३वी पाळी देऊन टाकली, हे मला वाचताना गमतीचे वाटले. त्यातून काही सिद्ध होत नाही, हेही खरे.

आता माझ्याबद्दल थोडे, कारण त्याशिवाय हा लेख अपुरा राहील. एका महाविद्यालयात अध्यापक निवडण्याच्या समितीवर मी अनेक वर्षे होतो. उमेदवारामागे वीस मिनिटे मिळत. आम्हीही मोजता येईल तेच मोजत होतो, गुण, पदवी, प्रसिद्ध झालेले लेख, बोलण्यातली सफाई. एकदा एक उमेदवार आला, अडखळत बोलणारा, पण विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाशी थांबून झुंजणारा. दुसरा सुवर्णपदक घेतलेला, सफाईदार. आम्ही एकमताने दुसऱ्याला घेतले. तो चांगलाच निघाला, विद्यार्थ्यांची कधी तक्रार आली नाही. आमची निवड बरोबर होती, असे मी निवृत्तीपर्यंत सांगत आलो.

टेक्सन्सच्या नोंदी वाचताना लक्षात आले की ते वाक्य बोलण्याचा मला काही अधिकार नव्हता. अडखळणारा तो मुलगा पुढे कुठे शिकवायला लागला, लागला की नाही, याची कोणी कधी चौकशी केली नाही. माझ्याकडे त्याचे नावही नाही. शिक्षणही बरेचसे बचावपटूच्या कामासारखेच आहे. चांगल्या शिक्षकामुळे जो मुलगा गळाला नाही, ज्याने विषयाचा धसका घेतला नाही, त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात असते?

ड्राफ्टमध्ये माणसे आपल्यापेक्षा चांगली पारखतात असे मला आता वाटत नाही. ३२ संघ, शेकडो निरीक्षक, तास न् तास चित्रफिती, आणि निकाल नाणेफेकीच्या आसपास. त्यांच्यापाशी एकच गोष्ट आपल्यापेक्षा अधिक आहे. नाकारलेला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर खेळत राहतो. १२६वा उचललेला ठेंगणा मुलगा दर रविवारी त्याला न घेणाऱ्यांसमोर उभा राहतो आणि त्याचा हिशेब कोणालाही लपवता येत नाही. आमच्या समित्यांच्या इतिवृत्तांत फक्त निवडलेल्यांची नावे आहेत. नाकारलेल्यांची यादी दहा वर्षे जपून ठेवावी आणि मग एकदा उघडून पाहावी, एवढी सूचना मी तेव्हा करू शकलो असतो. मला ती सुचली नाही.